कानामात्रेचा फरक

त्या शनिवारी सकाळी पंचशील तायडेच्या तोंडून एक अक्षर चुकले. काना यायला हवा होता तिथे मात्रा आली. साठ वर्षांच्या आयुष्यातली चौतीस वर्षे त्याने दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिकांमधले काने, मात्रा आणि वेलांट्या लाल शाईने दुरुस्त करण्यात घालवली होती. अशी चूक आपल्या हातून व्हावी हे त्याला अशक्य वाटले असते. पण ती चूक नव्हती, हे त्याला त्याच क्षणी ठाऊक होते, आणि म्हणूनच अर्धा राहिलेला चहाचा कप खिडकीत ठेवून तो घाईने उठला. वडिलांनी विचारले होते, "हात वर केला का?" आणि तो म्हणाला होता, "हो बाबा. हात वर केले."

बाबूराव सत्त्याऐंशीचे होते. फौजेच्या सिग्नल दलातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन त्यांना चाळीसहून अधिक वर्षे लोटली होती, महूचे घर सोडून मुलाकडे इंदूरला, अन्नपूर्णा रोडला येऊन बारा. आणि गेल्या फेब्रुवारीपासून पुढच्या खोलीतली खिडकीजवळची खाट एवढाच त्यांचा मुलूख उरला होता. हृदय पाव हिश्श्यानेच चालते आहे, आता दिवस मोजके समजा, मनाला धक्का बसेल असे काही दाखवू नका, असे डॉक्टरांनी सांगितल्यापासून घरातला टीव्ही बंद होता. वर्तमानपत्र पंचशील आधीपासूनच वाचून दाखवी. बाकीच्या बातम्या बाबूराव डोळे मिटून ऐकत. एकाच मुलखाचे नाव आले की ते डोळे उघडत. पासष्ट साली, म्हणजे पंचशीलच्या जन्माच्या वर्षी, ते संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीत गाझाला होते. वर्तमानपत्रात जी नावे आज ढिगाऱ्यांची नावे म्हणून येत, रफा, खान युनिस, देर अल-बला, ती त्यांच्या तोंडी महूच्या गल्ल्यांसारखी होती. बातमी संपली की ते ठरलेला एकच प्रश्न विचारत. त्यांच्या डोळ्यांपुढे एक मोठी सभा असे. तिथे जगातल्या सगळ्या देशांची माणसे बसलेली असत. लढाई थांबवावी की नाही असे कुणीतरी विचारी. आणि मग आपल्या माणसाने हात वर केला का, एवढेच त्यांना हवे असे. तिथे हात वर करत नाहीत, मेजावरचे बटण दाबतात, हे पंचशीलने एकदा सविस्तर समजावून सांगितले होते. "बटण तर बटण," बाबूराव म्हणाले होते. "हात वर केला का?"

नव्हता केला. गुरुवारी, बारा जूनला, सभेने मत घेतले होते: तात्काळ आणि कायमचा युद्धविराम व्हावा, अन्न आणि औषधे आत जाऊ द्यावीत. बाजूने एकशे एकोणपन्नास, विरुद्ध बारा, तटस्थ एकोणीस. आणि त्या एकोणिसांत भारत. शनिवारच्या वर्तमानपत्राची पहिली पाने अहमदाबादच्या विमान अपघाताने काळी झालेली होती, पुढची इराणवरच्या हल्ल्याने. ही बातमी आतल्या एका पानावर, कोपऱ्यात, सहा ओळींची होती. पंचशीलने ती वाचली नसती तरी चालले असते. गेल्या सप्टेंबरात अशीच एक आली होती तेव्हा त्याने पान सरळ उलटले होते, आणि त्याला तो मौनाचा शिष्टाचार म्हणत होता. या वेळी पान उलटताना बोट अडखळले, बाबूरावांनी डोळे उघडले, आणि प्रश्न आला. उत्तर देताना त्याने जे केले ते एखाद्या मुरलेल्या वकिलालाच साधावे. हात वर केला, म्हणजे कौल दिला. हात वर केले, म्हणजे अंग काढून घेतले; आमचा इलाज नाही, तुमचे तुम्ही पाहा. एकवचन आणि अनेकवचन यांच्यामध्ये मराठीने केवढी खोल दरी खणून ठेवली आहे, आणि वरून ती किती अरुंद दिसते. ऐकणाऱ्याने आपल्याला हवे ते ऐकावे, बोलणाऱ्याने आपण खोटे बोललो नाही असे स्वतःला सांगावे. बाबूरावांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिले होते. "केले?" ते म्हणाले होते. "बरं." आणि त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवले होते.

स्कूटर अन्नपूर्णा मंदिराच्या दगडी हत्तींसमोरून पुढे निघाली तेव्हा नऊही वाजले नव्हते, पण हँडल तापू लागले होते. पंचशील स्वतःशी वाद घालत होता. वाद घालणे हा त्याचा स्वभाव होता आणि उपजीविकाही. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना तो आंतरराष्ट्रीय संबंध शिकवी, आणि कोणत्याही धोरणाच्या दोन्ही बाजू तितक्याच नेटाने मांडून दाखवण्यात भंवरकुआंच्या क्लासांत त्याचा हात कुणी धरला नसता. मत म्हणजे सदाचाराचा दाखला नव्हे, ते साधन असते, असे तो शिकवी. तेवीसच्या ऑक्टोबरात पहिल्यांदा देश तटस्थ राहिला तेव्हा त्याने खाटेशेजारी बसून वडिलांना अर्धा तास कारणे सांगितली होती: ठरावात आधीच्या हल्ल्याचे, मारल्या गेलेल्यांचे, पळवून नेलेल्यांचे स्पष्ट नाव नव्हते, ज्यांच्याकडून आपण शस्त्रे घेतो तेही मित्र आणि ज्यांच्यासाठी आपण पन्नास वर्षे बोललो तेही, मध्ये उभ्या असलेल्या माणसालाच दोघे पुढे कधीतरी हाक मारतात. बाबूरावांनी सगळे ऐकून घेतले होते. कारण खोटे नव्हते, एकही नव्हते, हे पंचशील आजही शपथेवर सांगू शकला असता. शेवटी म्हातारा एवढेच म्हणाला होता, "म्हणजे नाही केला." त्याच डिसेंबरात दुसरा ठराव आला, देशाने बाजूने मत दिले, आणि पंचशीलने ती बातमी दोनदा वाचून दाखवली. त्या दिवशी बाबूरावांनी मैत्रीला, नातीला, कोपऱ्यावरून जिलेबी आणायला लावली, स्वतः अर्धी खाल्ली, आणि दुपारभर असे झोपले की पंचशीलच्या बायकोने, कमलने, दोनदा त्यांच्या नाकापुढे बोट धरून पाहिले. ती झोप पंचशीलला आठवत होती. खोटे त्या झोपेसाठी होते. पण मग ते सरळ का बोलला नाहीस, मात्रेच्या आड का लपलास, असे त्याच्यातल्या दुसऱ्या बाजूच्या वकिलाने विचारले, आणि उत्तर सुचण्याआधी सिग्नल हिरवा झाला.

उत्तर त्याच्या नावातच होते. शाळेत मास्तरांनी पहिल्या दिवशी विचारले होते, "पंचशील? म्हणजे दोन देशांच्या करारातलं?" आणि सगळा वर्ग न कळता हसला होता. त्याला ते आवडले होते. राष्ट्रांनी एकमेकांशी कसे वागावे याची पाच तत्त्वे आपल्या नावात आहेत, ही कल्पना त्याने मनात इतकी वाढवली की पुढे विषयही तोच निवडला. बाबूरावांनी मात्र गाझाहून पाठवलेल्या पत्रात हे नाव लिहिले तेव्हा त्यांच्या मनात कोणताही करार नव्हता. त्यांचे पंचशील सकाळी हात जोडून पालीत म्हणायचे होते: प्राणिहत्या करणार नाही, हे पहिले, खोटे बोलणार नाही, हे चौथे. सातवी पास झालेल्या त्या शिपायाने घरात पाचांपैकी दोनच काटेकोर पाळायला लावली. चौथे सगळ्यांनी. आणि पहिले ते स्वतः असे पाळत की पावसाळ्यात मोरीतली गोम कागदावर घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन सोडत. फौजेतल्या माणसाचे हे वागणे पाहून महूचे शेजारी हसत. त्यात हसण्यासारखे काय होते, किंवा हसण्यापलीकडचे काय होते, याचा विचार पंचशीलने कधी केला नव्हता.

वर्गात साठेक मुले होती. दोन पंखे, एक एसी जो फक्त आवाज करी, आणि भिंतीवर गेल्या वर्षी निवडल्या गेलेल्यांचे हसरे चेहरे. विषय ठरलेलाच होता, पश्चिम आशिया. आणि ताजी बातमी परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची असल्याने त्याने नेहमीचा प्रयोग केला. वर्गाची सभा करायची, ठराव मांडायचा, हात मोजायचे. "पक्ष में?" हात वर झाले. "विपक्ष में?" मागच्या बाकावरचे तीन, हसत. "और बाकी?" बाकीचे बसून राहिले. मग त्याने दरवर्षीचा मुद्दा सांगितला: तटस्थ म्हणजे अनुपस्थित नव्हे. अनुपस्थित माणूस खोलीतच नसतो. तटस्थ माणूस खोलीत असतो, त्याला प्रश्न ऐकू आलेला असतो, आणि तो विचारपूर्वक हात खाली ठेवतो. पियुष नावाच्या मुलाने विचारले, "तो सर, पेपर में 'भारत ने हाथ खड़े कर दिए' लिख दें?" वर्ग हसला. पंचशीलच्या हातातला खडू फळ्यावर टेकला आणि तिथेच राहिला. सकाळची मात्रा या पोराच्या तोंडून हिंदीत परत आली होती. तो कोरडेपणाने म्हणाला की वाक्प्रचार घरी ठेवून यावेत. आणि वर्ग आवरण्यासाठी त्याने आपली हुकमी गोष्ट काढली. "मेरे पिताजी," तो म्हणाला, "सन पैंसठ में ग़ज़ा में थे. शांतिसेना में. एक तरफ़ एक फ़ौज, दूसरी तरफ़ दूसरी, बीच में निहत्थे जैसे ये लोग. मैंने बचपन में पूछा, आपने वहाँ किया क्या? उन्होंने कहा, मैं तटस्थ था. एक अनपढ़-सा सिपाही, और परिभाषा देखिए." हे वाक्य तो वीस वर्षे सांगत आला होता. त्याच्या छापील नोट्सच्या पहिल्या पानावर ते अर्पणपत्रिकेसारखे होते. मुले दरवर्षी ते वहीत उतरवून घेत. या वेळी दुसऱ्या रांगेतली ईशा नावाची मुलगी, जी कधी बोलत नसे, पेन खाली ठेवून म्हणाली, "सर, पर उन्होंने वहाँ देखा क्या था?"

तो म्हणाला की हा अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न आहे, आणि वर्ग दहा मिनिटे आधी सोडला. बाहेर जिन्यात क्लासचे मालक उदयसिंहजी उभे होते. काचेतून त्यांनी सगळे पाहिले असावे. "तायडे सर, थोड़ा हल्का रखो भिया," ते म्हणाले. "बच्चों को एक लाइन का आन्सर चाहिए. भारत तटस्थ रहा, बस. आप दर्शनशास्त्र घुसा देते हो." मग जरा जवळ येऊन, वेगळ्या आवाजात: "बाबूजी कैसे हैं?" "ठीक हैं," पंचशील म्हणाला, आणि हे आजचे दुसरे खोटे, असे मनात मोजून जिना उतरला.

परतीच्या वाटेवर त्याने सरळ रस्ता धरला नाही. जुनी इंदूर या वस्तीकडून वळसा घेण्याचे काहीच कारण नव्हते. त्या बाजूला तो सहसा जातही नसे. पंचवीस-सव्वीसचा असताना तिथे एका मराठी गृहस्थांची खोली भाड्याने पाहायला तो गेला होता. सोबत कॉलेजातले सहकारी होते, हरी नावाचे, गृहस्थांच्या नात्यातले; त्यांनीच खोली सुचवली होती. चहा आला. भाडे ठरले. किल्ली मेजावर ठेवली गेली. मग गृहस्थांनी सहज विचारले, "तायडे म्हणजे कोणते तायडे?" आणि पंचशीलने सांगितले. किल्ली कशी परत गेली हे त्याला दिसले नाही, कारण तो हरीकडे पाहत होता. हरी बशीत चहा ओतत होते. फार लक्षपूर्वक, एक थेंबही सांडू नये अशा बेताने. बशी भरली तरी ते ओतत होते. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "मी कुणाचीच बाजू घेतली नाही हो तायडे, तुम्ही पाहिलंतच." आणि पंचशील, ज्याने तोवर कुणाला मनात शिवी दिली नव्हती, तो म्हणाला होता, "नाही नाही, तुमचा काय दोष." गृहस्थांचा चेहरा तो केव्हाच विसरला होता. ती बशी मात्र त्याला आजही काढून दाखवता आली असती, निळ्या काठाची, एका जागी टवका उडालेली. इतकी वर्षे तटस्थतेची व्याख्या शिकवताना ती बशी आपण कुठे ठेवली होती, असे त्याने स्वतःला विचारले. ऊन डोक्यावर आले होते, आणि स्कूटर त्या गल्लीच्या तोंडाशी का थांबली आहे हे पाहायला एक दुकानदार बाहेर आला, तेव्हा त्याने ती वळवली.

घरी मैत्री दारातच होती. तिचे काम घरूनच चाले, कानातले हेडफोन काढून ती हलक्या आवाजात म्हणाली, "पप्पा, तुम्ही सुबह आजोबांना काय बोलले? तेव्हापासून एकदम चुप आहेत. मम्मीने दलिया दिला, नाही घेतला. दवाई पण नाही. मी बोलली, आजोबा, थोडंसं तरी, तर म्हणे, पंचू आल्यावर."

"आल्यावर काय?"

"ते नाही बोलले. बस, पंचू आल्यावर." तिने त्याच्याकडे पाहिले. "काही टेंशनची बात आहे का?"

तो चप्पल काढून आत गेला. खोलीत पडदे ओढलेले होते, कूलरचा ओला वाळ्याचा वास होता. बाबूराव उशांना टेकून बसले होते, अंगावर पांढरा सदरा, दाढी केलेली नाही. कूलरचा आवाज नको म्हणून त्यांनी तो बंद करायला लावला होता, हे पंचशीलला त्या शांततेत उशिरा कळले. त्याने स्टूल ओढले.

"सकाळी तू केले म्हणालास," बाबूराव म्हणाले.

पंचशीलने उशाजवळची गोळ्यांची पट्टी उचलली.

"मी सातवी. पण कानामात्रेचा फरक आपल्या घरात तूच शिकवला सगळ्यांना. लहान होतास तर माझी पत्रं दुरुस्त करायचास. रागवायचास." त्यांना धाप लागली, ते थांबले. "मी म्हटलं, पंचू चुकणार नाही. मग असं का बोलला? दिवसभर तेच."

"बाबा, औषध घ्या आधी."

"घेतो. तू सांग."

आणि मग, सांगायची पाळी त्याची असताना, पंचशीलने विचारले. तो प्रश्न त्याचा नव्हता. दुसऱ्या रांगेतल्या मुलीचा होता. पण तो आता पुढे ढकलता येईना. "बाबा, तुम्ही तिथं पाहिलं काय होतं?"

बाबूरावांनी उजवा हात चादरीखालून काढला आणि मांडीवर ठेवला, जणू त्याच्यादेखत बोलायचे होते. "मचाण होतं," ते म्हणाले. "लाकडी. वर मी, टेलिफोन, दुर्बीण. खाली समोर एक चर. ट्रॅक्टरनं ओढलेली. तार नाही, भिंत नाही, नुसती चर, तीच हद्द. चरीच्या जवळ कुणी आलं की आपण उभं राहायचं आणि हात वर करायचा. असा. शिट्टी पण असायची, पण वारा फार, ऐकू जायची नाही. हातच. हात दिसला की माणूस मागं फिरायचा. ड्यूटी तेवढीच."

एक बाई यायची, ते म्हणाले. तिच्या दोन बकऱ्या. रोज सकाळी मचाणाखालून जाताना वर पाहून हाक मारायची, या हिंदी, म्हणून. तिकडे 'या' म्हणजे अरे, आणि आपल्या देशाच्या माणसाला हिंदी म्हणतात. "मी म्हणायचो, हिंदी नाही, मराठी. तिला काय कळणार. हसायची. एकदा संत्री ठेवून गेली शिडीवर." तिला त्यांच्या हाताची सवय झाली होती. बकरी पुढे गेली की बाई चालता चालता वर पाहायची. हात वर असला तर थांबायची, नसला तर जायची. महिनोन्‌महिने असे चालले. बोलणे नाही, भाषा नाही, नुसता एक हात.

"त्या दिवशी बकरी चर ओलांडून गेली. बाई आली चरीपाशी. तिनं वर पाहिलं. आणि मला पलीकडे झुडपात काहीतरी चमकलेलं दिसलं." बाबूराव मांडीवरच्या हाताकडे पाहत होते. "मी तटस्थ झालो, पंचू. दगड. हात उचलायचा, एवढंच काम. शब्द पण येत होता, थांब म्हणायचा, त्यांच्या भाषेतला, तोंडात होता. ती पाहत राहिली माझ्याकडे. मग हात नाही म्हटल्यावर गेली. तिला वाटलं, जा म्हणतोय."

बाहेर गल्लीतून भंगारवाल्याची हाळी गेली आणि विरली.

"एकच आवाज झाला," ते म्हणाले. "वरच्या साहेबाला टेलिफोन केला. त्यानं विचारलं, तू काय केलं? मी म्हटलं, पाहिलं. त्यानं लिहून घेतलं. म्हणाला, बरोबर केलं, आपण फक्त पाहायचं असतं. कुणी मला काही बोललं नाही. बक्षीस पण नाही, शिक्षा पण नाही. तुला सांगितलं होतं ना मी, लहानपणी. तू वहीत लिहून घेतलं."

सांगितले होते. पंचशीलला ती संध्याकाळ दिसली: महूचे अंगण, नववीचा निबंध, बूट पुसत बसलेले वडील. तिथं तुम्ही काय केलं, बाबा? आणि बूट खाली ठेवून दिलेले ते उत्तर. मी तटस्थ झालो. झालो. त्याने लिहिले होते: होतो. त्याच्या कानाला हिंदी शाळेचा शब्द ठाऊक होता, पुस्तकातला, परीक्षेतला, कोणत्याही बाजूला नसण्याचा. बाबूरावांचा शब्द शाळेतला नव्हता. भुसावळजवळच्या गावात, देवळाच्या पायरीच्याही बाहेर, आपल्या माणसांसाठी ठरवून दिलेल्या अंतरावर उभ्या असलेल्या एका मुलाने आतून ऐकू येणाऱ्या पोथीतून तो उचलला होता. तिथे काही भयंकर घडे, आणि सगळी सभा तटस्थ होई, जागच्या जागी थिजे, चित्रासारखी. तो माणूस कबुली देत होता. पंचशीलने तिची व्याख्या केली, फळ्यावर लिहिली, छापली, वीस वर्षे साठ-साठ मुलांना उतरवून घ्यायला लावली. मोरीतली गोम कागदावर घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत चालत जाणारा तो माणूस कुठून चालत येत होता, हे पंचशीलला आज, इतक्या उशिरा दिसले. आणि बाबूराव दीड वर्षाहून अधिक काळ रोज सकाळी विचारत होते तो प्रश्न सभेविषयी कधी नव्हताच, किंवा सभेविषयीही होता. कुणीतरी चरीपाशी उभे राहून वर पाहते आहे, तेव्हा हात वर झाला का.

आता खोटे बोलणे शक्य नव्हते. मात्रेच्या आडचेही नाही. दिवस मोजके आहेत हे डॉक्टरांनी सांगितले होते, धक्का नको हेही. पण हा माणूस खरे उत्तर घेतल्याशिवाय औषधही घेणार नव्हता, आणि खोट्या उत्तरावर झोपलाच तर ती झोप आपण त्याच्याकडून लुबाडलेली असेल. पंचशीलने स्टूल मागे सारले आणि तो उभा राहिला, जसा लहानपणी चूक कबूल करताना उभा राही.

"बाबा, हात वर नाही केला," तो म्हणाला. "एकशे एकोणपन्नास जणांनी केला. आपण नाही. आपले लोक तटस्थ राहिले."

बोलून झाल्यावर त्याला कळले की कोणता शब्द आपण कुणापुढे वापरला.

"तटस्थ?" बाबूराव म्हणाले.

"हो."

पंचशील धक्क्याची वाट पाहत होता: श्वास अडकण्याची, ओठ निळे पडण्याची. तसे काही झाले नाही. त्या सुरकुतलेल्या, दाढी वाढलेल्या चेहऱ्यावर हळूहळू जे आले ते त्याने तिथे यापूर्वी एकदाच पाहिले होते, महूला, शेजारच्या शांताबाईंचा मुलगा तलावात बुडाला तेव्हा, वडील त्यांच्या दारात उभे असताना.

"त्यांचं पण तसंच झालं म्हणायचं," बाबूराव म्हणाले. "एवढी शिकलेली माणसं. एवढ्या मोठ्या सभेत." त्यांनी मान हलवली. "होतं रे. हात आपलाच असतो, पण उचलत नाही. बाहेरून कुणाला कळत नाही. लोक म्हणतील, मुद्दाम केलं. मुद्दाम कोण करेल?"

"बाबा—"

"आता त्यांना झोप नाही यायची," ते म्हणाले. "किती वर्षं, कोण जाणे. मला साठ झाली." आणि थोड्या वेळाने, अगदी रोजच्या आवाजात: "मैत्रीला म्हणावं दूध आण थोडं. गोळी घेतो."

मैत्रीने दूध आणले. गोळी घेऊन झाली, पेला निम्मा रिकामा झाला, ओठ पुसले गेले. पंचशील खाटेपाशी उभाच होता. सरकारी निवेदन त्याने कालच मुळातून वाचले होते. त्यातले प्रत्येक वाक्य त्याला पाठ होते. पूर्वीच्या भूमिकेशी सातत्य. बिघडत्या मानवी परिस्थितीबद्दल तीव्र चिंता. संवाद आणि राजनय याखेरीज मार्ग नाही. दोन्ही बाजूंना जवळ आणण्यासाठी एकत्र प्रयत्न व्हावेत. नीट बेतलेली, तपासलेली, स्वल्पविरामही जागच्या जागी असलेली वाक्ये. ती लिहिणाऱ्याचा हात थरथरला नव्हता, हे उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला दिसते. तटस्थ म्हणजे ते नव्हे, बाबा. उभ्या आयुष्यात त्याने कुणाचाही चुकलेला अर्थ तसा राहू दिला नव्हता, वडिलांचाही नाही. दुरुस्ती एका वाक्याची होती, आणि ते वाक्य तयार होते.

मैत्रीने त्याच्याकडे पाहिले, काही हवे का असे. त्याने मान हलवली नाही. तिने पेला उचलला आणि पडदा थोडा सारखा केला. बाबूरावांचे डोळे मिटत आले होते. उजवा हात चादरीवर उताणा पडला होता, बोटे किंचित उघडी. श्वास संथ झाला, मग खोल. पंचशील तिथेच उभा होता. शब्द तोंडात होता, आणि हात जागचा हलत नव्हता.